डिसेंबरातलं कडक ऊन पावसात पालटतं तेव्हा: खानापूर ते अथणी, काय बघायचं आणि आधी काय उचलायचं

प्रश्न असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात डिसेंबरात आठ-दहा दिवस लख्ख ऊन, पहाटे हुडहुडी. भात कापून शिवारात पडलंय, काजूला मोहोर फुटतोय. अशात कारवार-सावंतवाडीकडे पाऊस लागल्याचं कानावर येतं आणि दुसऱ्या दिवशी इथलंही आभाळ भरतं. हे असं एकाएकी का होतं, तो पाऊस घाट चढून इथं येणार की नाही हे कसं ओळखायचं, आणि हातात वेळ किती असतो?

वेळेचं आधी सांगतो. बहुतेकदा ३६ ते ४८ तास मिळतात. ते वाया जातात, कारण आपण डोक्यावरचं आभाळ बघत बसतो. हिवाळी पावसाची पहिली खूण आभाळात नसते, ती पहाटेच्या थंडीत असते. आदल्या दिवशी पहाटे घोंगडी लागत होती आणि आज चादरीवर भागलं, तर ढगाचा ठिपकाही नसताना ताडपत्री शोधायला लागा.

असं का, ते बघू. नोव्हेंबरच्या मध्यानंतर आपल्याकडे वारा पूर्व-ईशान्येचा, पठारावरून येणारा, कोरडा. शिवाय वरची हवा सावकाश खाली बसत असते. खाली बसणारी हवा दाबली जाते आणि तापते, म्हणून दीड ते अडीच किलोमीटर उंचीवर उबदार हवेचा थर साचतो. भांड्यावर झाकण ठेवावं तसा. खालून वर निघालेली दमट हवा या झाकणाला अडते, ढग वाढतच नाही. कोकणपट्टीत रोज दुपारी खारा वारा आत येतो, अंगाला चिकचिक होते, तरी कारवार, गोवा, वेंगुर्ल्यात ऊन कडकच असतं, ते याचमुळे. बाष्प तिथं आहेच. किनाऱ्यालगतचा समुद्र डिसेंबरातही साधारण २७-२८ अंशांवर असतो. कमी असतो तो ते बाष्प वर उचलणारा हात.

हा हात तीन दिशांनी येतो आणि तिन्हींचा पाऊस वेगवेगळ्या चालीचा असतो.

पहिली चाल अरबी समुद्रातली. लक्षद्वीपच्या आसपास कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि तिथून किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे कमी दाबाची पट्टी ताणली जाते. तिच्या पूर्वेला आपण, त्यामुळे वारा पूर्वेकडून आग्नेयेकडे, मग दक्षिणेकडे वळतो. आधी कारवार-गोव्यात, मग सिंधुदुर्गात आणि घाटमाथ्यावर पाऊस लागतो. दोन-तीन दिवस रेंगाळतो, बहुधा दुपारनंतर गडगडाटासह. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत मुंबई-कोकणापासून मध्य महाराष्ट्रापर्यंत जो अवकाळी पडला, त्यात समुद्रावरच्या कमी दाबाला वरच्या थरातल्या पश्चिमी द्रोणीची, म्हणजे पश्चिमेकडून सरकणाऱ्या कमी दाबाच्या लांबट पट्ट्याची, जोड मिळाली होती. अशी जोड जमली की पाऊस फक्त किनाऱ्यापुरता राहत नाही.

दुसरी चाल बंगालच्या उपसागरातली. वादळ तमिळनाडूला धडकतं, आपण म्हणतो कुठं चेन्नई आणि कुठं चंदगड. पण त्याचे अवशेष पठार ओलांडून अरबी समुद्राकडे निघतात. फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबर २०२४ च्या रात्री पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि त्याचे अवशेष ३ डिसेंबरला कर्नाटक-केरळ किनाऱ्याजवळ अरबी समुद्रात उतरले. म्हणजे तिकडच्या किनाऱ्यावर वादळ लागल्यापासून आपल्याला दोन ते तीन दिवस मिळतात. यात ढग आग्नेयेकडून, धारवाड-बैलहोंगलच्या अंगाने येतात. चोर्ल्याच्या घाटाकडे डोळे लावून बसलेल्याला तो पाठीमागून गाठतो.

तिसरी चाल उत्तरेकडची. पश्चिमी झंझावाताची द्रोणी कधीकधी बरीच दक्षिणेला उतरते. उंच, दाट, राखी ढग, बारीक पाऊस किंवा नुसतं मळभ, आणि मागोमाग उत्तरेचा वारा सुटून चांगली थंडी. फेब्रुवारी-मार्चात हीच द्रोणी अथणी-विजयपूरकडे गारा टाकू शकते.

चक्रीवादळ थेट किनाऱ्यालगतून जाण्याचा प्रकार कमी वेळा घडतो, पण घडतो. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलं. डिसेंबर २०१७ मधलं ओखी कन्याकुमारीच्या दक्षिणेकडून अरबी समुद्रात शिरलं आणि गुजरातकडे जाता जाता विरलं, तरी ५ डिसेंबरला मुंबई भिजली. वादळ कुठं धडकणार एवढंच बघणाऱ्याची इथं फसगत होते. पावसाचा घेर केंद्रापासून शेकडो किलोमीटर पसरलेला असतो.

आता एक गैरसमज काढून टाकू. जून-जुलैत आपल्या जिल्ह्याचं गणित सोपं असतं: कणकुंबीत धो-धो, खानापुरात भरपूर, बेळगावात त्याहून कमी आणि अथणीला जाईपर्यंत वाळवण. कारण वारा पश्चिमेचा, घाट तो उचलतो, पलीकडे कोरडा पडतो. हिवाळ्यात हे गणित लागू नाही. वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा असताना घाट पाऊस पाडण्याचं काम करत नाही, ढग जिथं वाढेल तिथं पडतो. म्हणून डिसेंबरात जांबोटी कोरडी आणि गोकाक ओलं हे होऊ शकतं. 'कोकणात लागला म्हणजे आपल्याकडे येणारच' हे जितकं चूक, तितकंच 'घाट अडवेल' हेही चूक.

खुणांकडे येतो. एकेक खूण फसवी असते. तीन जुळल्या की मात्र कामाला लागावं.

पहाटेचं तापमान. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर जमीन रात्रभर उष्णता सोडते आणि पारा १२-१४ पर्यंत उतरतो. हवेत बाष्प शिरलं की ते गोधडीसारखं काम करतं, ढग दिसायच्या आधीच. दोन रात्रींत किमान तापमान चार-पाच अंशांनी चढलं तर ती मोठी खूण. सांबऱ्याच्या वेधशाळेचा आकडा चालेल, पण शिवारातला स्वतःचा तापमापक बरा. तो सावलीत, जमिनीपासून छातीच्या उंचीवर, पत्र्यापासून लांब टांगावा. पत्र्याच्या शेडखाली टांगलेला तापमापक पत्र्याचं तापमान सांगतो.

आर्द्रता दुपारी अडीचची बघा, सकाळची नाही. सकाळी आठला थंड हवेत आर्द्रता ८५-९० टक्के असणं हिवाळ्यात रोजचं आहे, त्यावरून 'पाऊस येणार' म्हणणं फुकटचं भय. दुपारी ३० अंशांवर ३० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो) साधारण १० अंश. तीच ५५ टक्क्यांवर गेली तर दवबिंदू २० अंशांच्या घरात. म्हणजे त्याच दुपारी हवेत जवळपास दुप्पट पाणी. मोबाईलवर दवबिंदूचा आकडा थेट मिळतो. तो एका दिवसात ६-७ अंशांनी चढला तर झाकणाखाली माल भरायला लागला असं समजा.

वाऱ्यासाठी काठीला सुताचा धागा बांधला तरी पुरे. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान बघावा. सकाळी दरीतला, संध्याकाळी घाटाकडून येणारा स्थानिक वारा गोंधळ घालतो. पूर्वेचा वारा दक्षिण-आग्नेय झाला तर लक्ष ठेवा.

सूर्याला किंवा चंद्राला खळं पडणं म्हणजे सहा-सात किलोमीटरच्या वर बर्फकणांचा पातळ ढग आला आहे. हा ढग लांबच्या वादळाचा नुसता पदरही असू शकतो, म्हणून एकट्या खळ्यावर भिस्त ठेवू नये. पण ते पडल्यावर तासागणिक ढग जाड होत गेला, चंद्र खडबडीत काचेमागे ठेवल्यासारखा दिसू लागला आणि पहाट उबदार निघाली, तर आभाळातलं खळं बघत न बसता जमिनीवरचं खळं आवरा.

गुऱ्हाळाचा धूरही बोलतो. निरभ्र, शांत पहाटे तो वर चढून आडवा पसरतो आणि उसाच्या फडावर पट्टा धरून राहतो. रात्री ढग किंवा वारा असला की जमिनीलगतची हवा गारठत नाही, मग पट्टा धरत नाही, धूर विस्कटतो. चार पहाटे दिसलेला पट्टा पाचव्या पहाटे नसेल तर रात्रीत काहीतरी बदललं.

मोबाईलमधल्या वायुभारमापकाविषयी मात्र सावध. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज आपोआप दोनदा चढतो-उतरतो: सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली. हा फरकच तीन-चार हेक्टोपास्कल असतो. सकाळी दहाचा आकडा दुपारी चारच्या आकड्याशी ताडून 'दाब पडला' म्हणणारे बरेच. आजच्या दहाची तुलना कालच्या दहाशीच करा. चोवीस तासांत दोन-तीन हेक्टोपास्कलची घट इथं दखल घेण्याजोगी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, त्यामुळे खरा दाब ९२५-९३० च्या आसपास दिसतो. ॲप १०१३-१४ दाखवत असेल तर ते समुद्रसपाटीला आणून सांगतंय, दोन्ही आकडे एकमेकांत मिसळू नका.

अंदाज वाचताना सीमाभागाची एक खास अडचण आहे. मराठी वाहिन्यांवर कोल्हापूर-सिंधुदुर्गापर्यंतचं सांगतात आणि नकाशा तिथंच संपतो. आपला अंदाज बेंगळुरूच्या केंद्राकडून 'उत्तर आतील कर्नाटक' या विभागात येतो, आणि तो विभाग बीदरपासून बेळगावापर्यंत पसरलेला. बीदरची हवा आणि खानापूरची हवा एका ओळीत बसत नाही. त्यामुळे जिल्हावार अंदाज बघाच, पण जोडीला शेजारचाही बघा: खानापूरवाल्यांनी गोवा आणि उत्तर कन्नड, निपाणी-चिकोडीने कोल्हापूर, अथणी-कागवाडने सांगली. दोन्ही बाजूंच्या केंद्रांनी एकाच दिवसाला पिवळा रंग दिला असेल तर तो गंभीरपणे घ्यावा.

शब्दांनाही मोजमाप आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर, 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे तीन चतुर्थांशाहून अधिक केंद्रांवर. 'हलका' म्हणजे १५.५ मिलिमीटरपर्यंत, 'मध्यम' ६४.४ पर्यंत. 'तुरळक ठिकाणी हलका' वाचून सुगी थांबवायची गरज नसते. 'बऱ्याच ठिकाणी मध्यम' वाचून मळणी चालू ठेवणं म्हणजे जुगार. आणि पावसाचा सरकारी दिवस सकाळी साडेआठला संपतो: ३ तारखेचा पाऊस म्हणून छापलेला आकडा २ तारखेच्या सकाळी साडेआठपासूनचा असतो. पुढे विम्याच्या वेळी हा एक दिवसाचा घोळ बराच त्रास देतो.

पणजीच्या रडारचं चित्र जवळच्या तीन-चार तासांसाठी उत्तम, पण दोन खोडी लक्षात ठेवा. घाटाची भिंत मध्ये येते, त्यामुळे पलीकडचा कमी उंचीच्या ढगांतला हलका पाऊस त्याला कमी दिसतो. आणि हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी समुद्रावर जागच्या जागी लुकलुकणारे ठिपके उमटतात, ते झाकणामुळे खाली वाकून समुद्राला आपटून परतलेल्या लहरींचे असतात. लागोपाठच्या चित्रांत ठिपका पुढे सरकत नसेल तर तो पाऊस नव्हे. उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रात पांढरं म्हणजे थंड, थंड म्हणजे उंच. पांढरंशुभ्र दिसलं म्हणजे पाऊस असेलच असं नाही. सकाळी नऊनंतर साध्या प्रकाशातलं चित्र उघडून तोच ढग तिथंही दाट दिसतो का ते ताडून घ्यावं. संगणकी प्रारूपांचे नकाशे बघणाऱ्यांनी जमिनीलगतचा थर सोडून ७०० हेक्टोपास्कलची, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीवरची आर्द्रता बघावी. तिथं ७० टक्क्यांच्या वर सलग पट्टा येत असेल तर झाकण उघडलं. तिथं कोरडं असेल तर खाली कितीही दमट असलं तरी नुसते कापसाचे ढग.

आता काम. सगळ्यात नाजूक मामला भाताचा.

उभं, पिकलेलं भात वीस मिलिमीटर पाऊस सोसतं. कापून ओल्या जमिनीवर पडलेलं सोसत नाही. म्हणून खुणा जुळल्या की पहिला नियम: विळा थांबवा, मजूर ठरलेले असले तरी. अपवाद दोनच, पीक आधीच लोळलेलं असेल किंवा दाणा झडायला आला असेल तर.

कापलेल्यापैकी आधी काय उचलायचं, यात सर्रास चूक होते. 'ओलं आधी, वाळलेलं काय होतंय' असं म्हणून कालच्या कापणीमागे लोक धावतात. उलटं करा. तीन-चार दिवस उन्हात वाळलेल्या पेंढ्या आधी. कालचं कापलेलं भात २०-२२ टक्के ओलाव्याचं असतं, वरून सर पडली तरी दाण्याच्या आत फारसा धक्का नाही. पण १४-१५ टक्क्यांपर्यंत वाळलेला दाणा पुन्हा पाणी पितो तेव्हा बाहेरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो आणि दाणा आतल्या आत तडकतो. वरून काही दिसत नाही. गिरणीत गेल्यावर कळतं: अर्धी कणी. बासमती आणि इंद्रायणीसारख्या भाताला भाव अख्ख्या तांदळाचा मिळतो, तिथं हे नुकसान सर्वांत जास्त. खळ्यावर किंवा रस्त्यावर पसरलेलं मळलेलं भात तर सगळ्यांच्या आधी पोत्यात, आणि पोती जमिनीवर नव्हेत, फळ्या किंवा दगड-विटांवर.

गंजी रचताना बुडाला लाकडं आणि काटक्यांचा हातभर थर, लोंब्या आत, बुडखे बाहेरच्या बाजूला उतरते, माथा निमुळता. बाहेरच्या पेंढ्यांचा उतार असला की पाणी पिंजरावरून, म्हणजे भाताच्या काडावरून, ओघळतं. सपाट माथ्याच्या गंजीला ताडपत्रीही वाचवत नाही, मधोमध डबकं साचतं आणि शिवणीतून झिरपतं. ताडपत्री पिंजराला चिकटवून गच्च गुंडाळणं ही दुसरी चूक. भात श्वास घेतं, आतली वाफ ताडपत्रीच्या पोटाला लागून पुन्हा दाण्यावर ठिबकते. माथ्यावर दोन आडव्या काठ्या टाकून त्यावर ताडपत्री, चारी कोपरे दोरीने ताणलेले, आणि खालचा हातभर भाग उघडा. पावसात तासभर जरी ऊन पडलं तरी ताडपत्री मागे सारा. जाड ताडपत्र्या कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात सवलतीत मिळतात, पण त्या ऐन पावसात मागायला गेलं की संपलेल्या असतात. कापणीच्या आधीच नाव नोंदवा.

हिरवट पेंढ्यांची मोठी गंजी करूच नका. आठ-दहा पेंढ्या लोंब्या वर करून एकमेकींना टेकवा, वरून एक पेंढी उलटी टोपीसारखी घाला. अशा रांगा बांधावर किंवा उंचवट्यावर.

गंजी तापते आहे का, हे बघायला लोखंडी सळई पोटापर्यंत खुपसून पंधरा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर पाऊस चालू असला तरी गंजी फोडून शेडमध्ये पसरावी लागेल. तापलेल्या गंजीतला तांदूळ पिवळा पडतो, तो रंग नंतर कशानेही जात नाही. ओल्या जमिनीवर पडलेल्या लोंब्यांना तीन-चार दिवसांत मोड येतात. मोडाचं भात वेगळं ठेवा, चांगल्यात कालवलं की सगळ्याचा भाव पडतो.

पाऊस थांबल्यावर घाई नको. ओलं भात एकदम दुपारच्या रणरणत्या उन्हात पसरलं तर पुन्हा तोच प्रकार: बाहेरून भराभर वाळतं, आतून ओलं, आणि तडा. पहिल्या दिवशी वाऱ्यावर, सावलीत किंवा सकाळच्या उन्हात. थर दोन बोटं, दर अर्ध्या तासाने पायाने किंवा दंताळ्याने परतणं. सूर्य मावळायच्या आधी ढीग करून झाका, कारण पावसानंतरच्या रात्री दव जबरदस्त पडतं. रात्रभर ढिगात दाण्यातला ओलावा आत-बाहेर सारखा होतो, म्हणून दोन दिवसांचं सावकाश वाळवण एका दिवसाच्या भाजण्यापेक्षा चांगलं.

साठवायला १४ टक्के किंवा कमी ओलावा हवा, बियाण्याला १२. यंत्र नसेल तर मिठाची परीक्षा आहे: पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश भात, त्यात दोन-तीन चमचे तव्यावर कोरडं केलेलं मीठ. मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. व्यापारी 'ओलं आहे' म्हणून कापतो तेव्हा हेही गणित हाताशी ठेवा: २० टक्क्यांचं एक क्विंटल भात १४ टक्क्यांवर आणलं की ९३ किलो उरतं. सात किलोची कपात रास्त, दहा-बाराची नाही. काळी बुरशी आलेलं पिंजर दुभत्या जनावरापुढे टाकू नका.

काजूकडे वळू. कणकुंबी, जांबोटी, चंदगड पट्ट्यात मोहोर डिसेंबर ते फेब्रुवारीत. पावसापेक्षा त्यानंतरचं दोन-तीन दिवसांचं मळभ घातक, कारण ढेकण्या हा किडा कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर वाढतो, रस शोषतो, मोहोर भाजल्यासारखा काळा पडतो. त्याच्या जखमांतून करपा शिरतो. पाऊस पडायच्या आदल्या संध्याकाळी फवारणी करणं म्हणजे औषध जमिनीला पाजणं. किमान पाच-सहा तास कोरडे मिळतील अशी सकाळ निवडा. पालवीच्या वेळी लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के प्रवाही दहा लिटरला ६ मिलिलिटर ही रूढ मात्रा. पूर्ण फुललेल्या मोहोरावर कीटकनाशक टाळा, मधमाश्या गेल्या की फळधारणाही गेली. मोहोरावर साचलेलं पाणी फांदी हलवून पाडणं हे साधं काम, बागेतल्या खालच्या फांद्यांना तरी नक्की करावं. आंब्यालाही हेच, फक्त तिथं भुरी या पांढऱ्या बुरशीचीही भर. पाऊस उघडल्यावर सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं चक्र लागलं की भुरी आलीच म्हणायची, तिला पाण्यात विरघळणारं गंधक दहा लिटरला २० ग्रॅम.

भातानंतरच्या मसूर-वाटाण्याला हा पाऊस वरदान की शाप, ते दिवसांवर ठरतं. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' म्हणतात ते साधारण २४ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबरच्या नक्षत्राबद्दल. तेव्हाची ओल रब्बीला पेरणीपुरती पुरते. पेरून चार दिवस झालेत आणि वर १५-२० मिलिमीटर पडला, तर चिकण मातीला पापडी धरते, कोंब खालीच गुदमरतो. वाफसा येताच कुळवाची फास हलकी फिरवून पापडी फोडावी. पीक वीतभर झालं असेल तर १० मिलिमीटर म्हणजे फुकटचं पाणी: एक मिलिमीटर पाऊस एकराला सुमारे चार हजार लिटर देतो, म्हणजे चाळीस हजार लिटर. फुलोऱ्यातल्या हरभऱ्याला मात्र तोटा. पानावरची आंब धुतली जाते, मळभात घाटे अळी वाढते. सखल खाचरात पाणी तुंबलं तर चोवीस तासांत चर काढून बाहेर काढा, मसूर पाण्यात पाय ठेवून जगत नाही.

बाकीचं थोडक्यात. निपाणीकडे वाळत घातलेल्या तंबाखूच्या पानावर पाऊस आला तर डाग पडतात आणि चिकटा धुतला जातो. भिजलेलं पान ढिगात घालू नका, शिर कटकन मोडेपर्यंत पसरूनच ठेवा. अथणी-तेलसंगच्या द्राक्षबागा फुलोऱ्यात असतील तर घडकूज आणि केवडा, मण्यात पाणी भरत असेल तर तडे. पाऊस थांबल्यावर वेली हलवून घड मोकळे करणं, दाट पानं काढून हवा खेळती करणं हे औषधाच्या आधीचं काम. ऊसतोडीत काळ्या रानात ट्रॅक्टर रुतण्याचा प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे. पण तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला की उतारा घटतो, म्हणून गाडी निघेल याची खात्री नसेल तर तोड लावू नये. गुऱ्हाळात चिपाडं भिजली की रस आटवायच्या कायलीला जाळ लागत नाही, रस रेंगाळतो, गूळ काळपट येतो आणि दमट हवेत पाघळतो. दोन दिवसांची कोरडी चिपाडं कायम छपराखाली असावीत. कच्च्या विटांच्या थप्पीला वरून झाकण्याइतकंच बुडाशी चर खणणं महत्त्वाचं, थप्पी खालच्या ओळीपासून विरघळते.

विम्याचं काम पाऊस चालू असतानाच सुरू होतं. पंतप्रधान फसल विम्यात, कर्नाटकात जी योजना रयत सुरक्षा नावाने चालते, कापून शिवारात वाळत घातलेल्या पिकाला कापणीपासून १४ दिवसांपर्यंत अवकाळी पावसाचं संरक्षण आहे. अट अशी की पीक पसरलेलं किंवा छोट्या पेंढ्यांत असावं. गंजी रचली की ते यात बसत नाही. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं: १४४४७ या क्रमांकावर, विमा कंपनीला, बँकेला किंवा कृषी खात्याला. फोटो शिवारात उभं राहून, मोबाईलचं ठिकाण चालू ठेवून, पाण्यासकट काढा. पेंढ्या उचलल्यानंतरचा कोरडा फोटो कामाचा नाही. ज्यांची जमीन सीमेच्या दोन्ही अंगांना आहे, थोडी चंदगडात, थोडी खानापुरात, त्यांनी प्रत्येक सर्व्हे नंबर ज्या राज्यात त्याच राज्यात दावा करायचा. घर बेळगावात आहे म्हणून महाराष्ट्रातल्या तुकड्याचा अर्ज इथं चालत नाही.

पाऊस सरला हे कसं ओळखायचं? आभाळ फाटलं म्हणून नाही. वारा पुन्हा ईशान्येचा होतो, दुपारचा दवबिंदू १४-१५ च्या खाली येतो आणि पहाटेचा पारा दोन रात्री सलग उतरतो. मधल्या एक-दोन सकाळी दाट धुकं पडतं, ते मुरलेल्या ओलीचं, नव्या पावसाचं नव्हे. दक्षिणेचा वारा आणि उबदार पहाट टिकून असेल तर ऊन पडलं तरी ते उसंतीचं ऊन समजा. त्या उन्हात खळं भरू नका, फक्त ताडपत्री मागे सारून गंजीला हवा द्या.